त्या सकाळचं भांडण आणि आईच्या मेंदूतली शीर

पत्र : माझी आई ७४ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. बाबा गेल्यापासून माझ्याकडेच असते. तिला साखर नाही, हृदयाचा त्रास कधी नव्हता, बीपी तपासलं की १४५-१४८ यायचं आणि 'वयाच्या मानानं ठीक आहे' असं सांगितलं जायचं. आठ महिन्यांपूर्वी तिच्या डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या, त्या हळूहळू कोपरापर्यंत आणि मग ओठापर्यंत चढल्या आणि पाच-सात मिनिटांत गेल्या. आठवड्याभरात असं तीनदा झालं. 'छोटा अटॅक आहे' म्हणून रक्त पातळ करायची ॲस्पिरिनची गोळी सुरू झाली. ती मी रोज रात्री माझ्या हातानं द्यायचे.

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी पासबुकावरून आमचं जोरात वाजलं. दुपारपर्यंत अबोला होता. मी न बोलता ताट वाढलं. तिनं ताटाची फक्त उजवी बाजू खाल्ली. डावीकडची मेथीची भाजी आणि कोशिंबीर तशीच. म्हणाली, "भाजी वाढलीच नाहीस, एवढा राग?" भाजी तिच्यासमोर होती. थोड्या वेळानं डोकं धरून बसली आणि उलटी झाली. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या मागच्या भागात, उजव्या बाजूला रक्तस्राव दिसला. एमआरआयच्या रिपोर्टवर 'प्रॉबेबल सेरेब्रल अमायलॉइड अँजिओपथी' लिहिलंय, शिवाय अकरा 'मायक्रोब्लीड्स'. दहा दिवसांनी घरी आलो. डिस्चार्ज कार्डावर गोळी बंद लिहिलीय, पण आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, या वयात ती सोडू नका, हार्टला लागते. दादा पुण्याहून आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तू भांडलीस म्हणून तिची शीर फुटली." अमेरिकेतला मामेभाऊ अमायलॉइड काढून टाकणाऱ्या इंजेक्शनच्या लिंका पाठवतोय. गोळी देऊ की नको? पुन्हा होईल का? हे अल्झायमर आहे का? मला होईल का? मार्गशीर्षात नातीचं लग्न आहे, आईला नेऊ का? रात्री झोप लागत नाही.

— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर :

प्रिय ताई,

आधी गोळीचं, कारण बाकी सगळं दोन दिवस थांबेल, ते थांबणार नाही. आज रात्री ती गोळी देऊ नका. उद्या सकाळी ज्यांनी डिस्चार्ज कार्ड लिहिलं त्या न्यूरॉलॉजिस्टांना फोन लावा आणि एवढंच विचारा : "कार्डावर ॲस्पिरिन बंद लिहिलंय, गावात सुरू ठेवा म्हणतात, आईला हृदयविकार नाही, काय करू?" ते काय म्हणतील याचा मला पुरेसा अंदाज आहे. ज्याला हार्ट अटॅक आलेला नाही, स्टेंट बसवलेला नाही, त्याला ॲस्पिरिनचा फायदा मुळातच थोडा असतो. तुमच्या आईच्या मेंदूत एक मोठा आणि अकरा बारीक रक्तस्राव होऊन गेले आहेत. तिथे त्या थोड्या फायद्यासाठी ही जोखीम घ्यायची नसते. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी भल्यासाठीच सांगितलं असणार, त्यांच्याकडे येणाऱ्या बहुतेक म्हाताऱ्या माणसांना तो सल्ला लागूही पडत असेल. पण एमआरआयचा रिपोर्ट त्यांच्या हातात नव्हता. त्याची एक झेरॉक्स त्यांना नेऊन द्या.

हे वाचून दुसऱ्या कुणी आपल्या घरातली गोळी मनानं बंद करू नये. ज्यांना स्टेंट आहे, ज्यांचे हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यांचा हिशेब वेगळा असतो. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ५३७ रुग्णांवरचा 'रीस्टार्ट' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूत रक्तस्राव होऊन गेलेल्या, पण आधीपासून अशा गोळ्या घेणाऱ्या लोकांना त्या पुन्हा सुरू केल्या तर रक्तस्राव वाढल्याचं त्यात दिसलं नाही. म्हणजे खरी गरज असेल तर वाट निघते. तुमच्या आईला ती गरज नाही.

आता त्या सकाळबद्दल.

मेंदूत एक प्रथिन रोज तयार होतं आणि रोज बाहेर टाकलं जातं. त्याचं नाव बीटा अमायलॉइड. तुमच्या-माझ्या डोक्यात आत्ता या क्षणीही ते आहे. मेंदूतून ते बाहेर पडायची एक वाट बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतूनच जाते. वय वाढतं तशी ही निचऱ्याची व्यवस्था मंदावते आणि ते भिंतीतच साचायला लागतं. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायूंचा एक थर असतो, त्यानं ती आकसते, सैल होते, दाब झेलते. तो थर हळूहळू नाहीसा होतो आणि त्या जागी हे चिवट, न विरघळणारं प्रथिन बसतं. रिपोर्टवरचं 'सेरेब्रल अमायलॉइड अँजिओपथी' म्हणजे हेच. तुमच्या भागात ठिबकच्या नळ्या पाहिल्या असतील. नवी नळी वाकवली तर वाकते. सात-आठ उन्हाळे खाल्लेली नळी दिसायला तशीच असते, पण हातात धरली की कडकड वाजते, आणि एखाद्या दिवशी मोटर सुरू केल्यावर मधेच कुठेतरी तडकते. त्या दिवशी मोटर कुणी सुरू केली हे विचारण्यात काय अर्थ आहे?

तुम्हाला खोटा धीर देणार नाही. भांडताना माणसाचा रक्तदाब चढतो, हे खरं आहे. तो जिना चढताना चढतो, खोकताना चढतो, संडासला जोर केल्यावर चढतो, क्रिकेटची मॅच बघतानाही चढतो. तुमच्या आईनं गेल्या वर्षभरात असे हजारो क्षण काढले. त्यातल्या कोणत्या क्षणी शीर फुटली हे कुणीच सांगू शकत नाही, दादाही नाही. पण एक गोष्ट एमआरआय स्वच्छ सांगतो. ते अकरा ठिपके म्हणजे अकरा वेळा पूर्वीच कुठे कुठे थेंबभर रक्त झिरपून गेल्याच्या खुणा आहेत. एमआरआयमध्ये एक खास प्रकारची प्रतिमा काढतात, तिला एसडब्ल्यूआय म्हणतात. रक्तातलं लोह मेंदूत मागे राहतं, ते तिच्यात काळ्या ठिपक्यांसारखं उमटतं. ते पासबुकाच्या भांडणाच्या आधीचे आहेत. दादाला शब्दांनी समजावत बसू नका, ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून ठिपके दाखवा.

आपल्याकडे मेंदूत रक्तस्राव म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी एकच कारण येतं : बीपी. ते बहुतेक वेळा खरंही असतं. पण वाढलेल्या रक्तदाबानं होणारा रक्तस्राव बहुधा मेंदूच्या गाभ्यात होतो, खोल. अमायलॉइडमुळे होणारा मेंदूच्या बाहेरच्या भागात, सालीजवळ होतो, आणि त्यातही मागच्या बाजूला जास्त. तुमच्या आईचा मोठा रक्तस्राव तिथेच आहे. डॉक्टर फिल्म बघून कारण ओळखतात ते या जागेवरून आणि ठिपक्यांच्या मांडणीवरून. त्यासाठी 'बोस्टन निकष' वापरतात, ते २०२२ मध्ये सुधारले गेले. 'प्रॉबेबल' हा शब्द वाचून 'म्हणजे अजून नक्की नाही' असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नाही. शंभर टक्के नक्की म्हणायचं तर मेंदूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो, आणि ते कुणी उगाच करत नाही. हयात माणसाच्या बाबतीत 'प्रॉबेबल' ही बऱ्यापैकी खात्रीची पायरी आहे.

मुंग्यांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, पण मी त्यावर बराच वेळ थांबले. बोटांपासून सुरू होऊन कोपर, मग ओठ, असं सरकत जाणं, काही मिनिटांत निघून जाणं आणि दर वेळी तसंच होणं, हे या आजाराचं एक ओळखीचं रूप आहे. रक्ताचा पुरवठा तुटल्यानं येणाऱ्या छोट्या अटॅकमध्ये सहसा सगळं एकदम येतं, हात एका झटक्यात बधिर होतो. इथे मुंग्या चालत जातात. मेंदूच्या पृष्ठभागावर थोडं रक्त झिरपलं की असं होऊ शकतं. वरवर दोन्ही इतकं सारखं दिसतं की एसडब्ल्यूआय केल्याशिवाय चांगले चांगले डॉक्टरही फसतात. म्हणून त्या वेळी ज्यांनी गोळी दिली त्यांना मी दोष देणार नाही. आणि तुम्ही? गोळीनं धोका थोडा वाढवला असू शकतो, हे मी लपवणार नाही. पण डॉक्टरांनी सांगितलेली गोळी आठ महिने एक रात्र न चुकवता आईला देणारी मुलगी चुकली असं कुणी म्हणत असेल, तर तिच्या जागी त्यानं काय केलं असतं हे त्यानं आधी सांगावं.

अशा मुंग्या पुन्हा आल्या तर मात्र 'मागच्यासारखंच आहे' म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टांना कळवा. मोठ्या रक्तस्रावाची ती आगाऊ सूचना असू शकते.

पुन्हा होईल का? होऊ शकतं. बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले तर असा रक्तस्राव होऊन गेलेल्या शंभर जणांपैकी साधारण सात जणांना दर वर्षी पुन्हा होतो. ज्यांच्यात अमायलॉइडचा पुरावा नाही त्यांच्यात हाच आकडा शंभरात एकच्या आसपास आहे. म्हणजे धोका मोठा आहे, पण वर्ष सुखरूप काढणारे त्र्याण्णव आहेत. आणि यातली एक गोष्ट तुमच्या हातात आहे. तुमच्या आईच्या बाबतीत साचलेलं अमायलॉइड सुरक्षितपणे काढता येत नाही, भिंत पुन्हा नवी करता येत नाही, पण नळीतला दाब कमी ठेवता येतो.

२००१ मध्ये 'प्रोग्रेस' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६,१०५ रुग्ण होते, सगळ्यांना आधी स्ट्रोक किंवा छोटा अटॅक येऊन गेलेला. निम्म्यांना रक्तदाबाची औषधं दिली, त्यात ज्यांचं बीपी फार नव्हतं तेही होते. पुढे त्याच आकड्यांची वेगळी छाननी झाली, तेव्हा अमायलॉइडमुळे झालेले रक्तस्राव औषध घेणाऱ्यांत तीन चतुर्थांशाहून अधिक कमी झालेले दिसले. एकूण संख्या लहान होती, म्हणून त्या आकड्यावर फार भार देऊ नये, पण दिशा स्पष्ट आहे. तुमच्या आईचं १४५ 'वयाच्या मानानं ठीक' नाही. तिच्यासाठी १३० आणि ८० च्या आत हवं. हे वाक्य मला मोठ्यानं म्हणायचंय, कारण 'वयाच्या मानानं ठीक' या तीन शब्दांनी आपल्याकडे फार माणसं जायबंदी केली आहेत.

घरी दंडावर बांधायचं बीपीचं मशीन घ्या, मनगटाचं नको. सकाळी चहाच्या आधी आणि रात्री झोपण्यापूर्वी आईला पाठीला टेकू देऊन पाच मिनिटं शांत बसवा, हात छातीच्या उंचीला उशीवर, पाय जमिनीला टेकलेले, आणि दोनदा मोजा. वहीत तारखेसह लिहा. शिक्षिका आहेत, त्यांच्याच हातानं लिहू द्या. दोन आठवड्यांची वही घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर औषधाचा डोस नीट ठरतो. उभं राहताना चक्कर येत असेल तर तेही त्याच वहीत लिहा, कारण दाब उतरवता उतरवता म्हातारं माणूस पडलं तर सगळं मुसळ केरात. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवा, फरशी कोरडी ठेवा, गुळगुळीत सपाता काढून टाका. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे आणि सुकी चटणी यांच्यावर हात आखडता घ्या.

गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या नकोत. दुखलं तर पॅरासिटॅमॉल, तेही विचारून. 'रक्त शुद्ध करतो', 'ब्लॉकेज उघडतो' असे काढे, लसणाच्या नि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, जिन्को, हे सगळं बंद. जेवणातला लसूण आणि हळद चालते, मी कॅप्सूलबद्दल बोलतेय. दाताच्या डॉक्टरांपासून अस्थितज्ज्ञांपर्यंत, जिथे जाल तिथे सांगायचं की आईला मेंदूत अमायलॉइडचा रक्तस्राव झालाय. एका जाड कागदावर ते लिहून तिच्या पर्समध्ये ठेवा.

कधी एकाएकी डोकं ठणकलं, उलटी झाली, बोलणं अडखळलं, नजर गेली, हात-पाय गळाला किंवा फिट आली, तर १०८ ला फोन आणि सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय. वाटेत तोंडात ॲस्पिरिन टाकायची नाही. मोबाइलवर फिरणारा बोटांना सुई टोचायचा उपाय करायचा नाही. पाणीही पाजायचं नाही, ठसका लागतो. तिथल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं ते पर्समधल्या कागदावरचं, म्हणजे गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनचा विषय निघाला तर ते सावध राहतील.

अल्झायमरबद्दल. प्रथिन तेच, जागा वेगळी. अल्झायमरमध्ये ते पेशींच्या मधल्या जागेत साचतं, इथे रक्तवाहिनीच्या भिंतीत. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग या संशोधकांनी हे प्रथिन पहिल्यांदा वेगळं काढलं, तेही अल्झायमर झालेल्या माणसांच्या मेंदूवरच्या रक्तवाहिन्यांतून. इतकं दोन्हींचं शेजारपण जवळचं आहे, आणि पुष्कळांना दोन्ही असतं. पण एक आहे म्हणून दुसरं असेलच असं नाही. आईची स्मरणशक्ती कशी आहे हे सहा महिन्यांनी, मेंदूतली सूज आणि धक्का ओसरल्यावर तपासून घ्या. आज ती गप्प बसते, नावं विसरते, त्यावरून काही ठरवू नका. आणि 'वेड लागेल का' हा प्रश्न तिच्या कानावर पडू देऊ नका. हा वेडाचा आजार नाहीच.

मामेभावाला आभार कळवा आणि लिंका थांबवायला सांगा. तो म्हणतोय ते औषध लेकानेमॅब किंवा त्याच जातीचं दुसरं असणार. अमेरिकेत त्याला २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, ती सुरुवातीच्या टप्प्यातल्या अल्झायमरसाठी. मेंदूला सूज येणं आणि मेंदूत रक्त झिरपणं हेच त्याचे मोठे दुष्परिणाम आहेत, कारण साचलेलं अमायलॉइड उपसताना आधीच ठिसूळ झालेली भिंत उघडी पडते. ज्यांच्या एमआरआयमध्ये चारपेक्षा जास्त मायक्रोब्लीड्स होते किंवा मोठा रक्तस्राव होऊन गेला होता, त्यांना चाचण्यांमध्ये घेतलंच नव्हतं. तुमच्या आईकडे दोन्ही आहे.

तुम्हाला होईल का? नेदरलँड्समधल्या किनाऱ्यावरच्या काही गावांत आणि, वेगळ्या प्रथिनामुळे, आइसलंडमध्ये अशी घराणी आहेत, ज्यांच्यात हा आजार पिढीजात उतरतो. पण तिथे तो तरुणपणी किंवा मध्यमवयातच येतो. पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर आलेला तुमच्या आईचा आजार बहुतांश वयाचा आहे. एपीओई नावाच्या जनुकाचे काही प्रकार धोका थोडा वाढवतात, मात्र ती तपासणी करून आज तुमच्या आयुष्यात काहीही बदलणार नाही. पैसे वाचवा. त्याऐवजी ते मशीन घरी आलं की आईच्या नंतर तुमच्याही दंडाला बांधा. तुम्ही झोपत नाही आहात, तुमचं बीपी मला आत्ताच जास्त काळजीचं वाटतंय.

दादाला एक काम द्या. तो चिडलाय, कारण घाबरलाय आणि लांब आहे. महिन्यातले चार दिवस आईला त्यानं सांभाळायचं, तुमच्या घरी येऊन. आईची जागा बदलू नका, ओळखीच्या घरात तिला डावीकडचं दार कुठे आहे ते माहीत आहे.

कारण आता तिचं खरं दुखणं तिथे आहे. तिला भाजी दिसली नव्हती, ताई. तिच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. डावीकडचं चित्र मेंदूच्या ज्या भागात उमटतं तिथेच रक्त आलंय. अजून तीन आठवडेच झालेत, पहिल्या काही महिन्यांत यातलं बरंच परत येतं, सगळं येईलच असं नाही. तोवर जेवताना अर्ध्यात ताट फिरवून द्या. पाण्याचं भांडं आधी उजवीकडे ठेवा आणि रोज वीतभर डावीकडे सरकवत न्या. 'आई, डावीकडे मान वळव' हे दिवसातून वीसदा सांगावं लागेल. नजरेला नव्यानं वळण लावायचंय, आणि ते लागतं.

माझ्या मावशीला असंच झालं होतं. पोथी वाचायला बसायची आणि ओळीचा शेवटच वाचायची, सुरुवात सापडायचीच नाही. अर्थ लागेना तशी पोथी मिटून ठेवायची आणि मला आता कळत नाही म्हणायची. मी पानाच्या डाव्या कडेला ब्लाउजला लावतात तशी लाल लेस टाचणीनं लावली आणि तिला सांगितलं, लाल दिसेपर्यंत मागे जायचं, मग ओळ सुरू करायची. पहिल्या दिवशी तिनं सहा ओळी वाचल्या आणि दमली. दुसऱ्या महिन्यात अध्याय. तुमच्या आई पेपर वाचत असतील तर पेपरच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवून बघा.

लग्नाला न्या. प्रवास तीन-चार तासांचा असेल तर मधे थांबा, बीपीची गोळी वेळेवर द्या, जागरण नको. गर्दीत कुणीतरी तिच्या डाव्या हाताला धरून चालावं, कारण त्या बाजूनं येणारी माणसं तिला दिसणार नाहीत आणि ती दचकेल. मंडपात तिला उजवीकडे बसवू नका, तिथून बोहलं तिच्या डाव्या बाजूला येईल आणि तिला नातीऐवजी पंखे दिसतील. डावीकडची पहिली खुर्ची तिच्यासाठी राखून ठेवा. म्हणजे अंतरपाट, नात आणि जावई, सगळं तिच्या उजव्या हाताला येईल. अक्षताही तिच्या उजव्या मुठीत द्या.